पेन डिस्प्लेवर इसिसॉरस : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

प्रागैतिहासिक प्राण्यांची चित्रे काढण्यासाठी मी गेल्या पावसाळ्यात सोळा इंची पेन डिस्प्ले घेतला. ज्याच्या पडद्यावरच पेन टेकवून चित्र काढता येते, असे हे उपकरण. कंपनीचे नाव मुद्दाम देत नाही, कारण या किमतीतली बहुतेक उपकरणे घडणीने सारखीच असतात आणि पुढची तक्रार एकाच कंपनीच्या माथी मारावी असे मला वाटत नाही. त्याआधी माझे सगळे काम पेन्सिल आणि शाईत होत असे.

या कामासाठी उपकरणाचा सर्वांत मोठा उपयोग लेअरचा, म्हणजे एकावर एक ठेवून हवे तेव्हा झाकता येणाऱ्या चित्राच्या थरांचा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावला सापडलेल्या इसिसॉरसचेच उदाहरण घेतो. या अजस्र शाकाहारी डायनोसॉरचे वर्णन 1997 मध्ये टायटॅनोसॉरस या डायनोसॉरची एक जाती म्हणून प्रसिद्ध झाले आणि 2003 मध्ये त्याला स्वतंत्र नाव मिळाले, ज्यातली इंग्रजीतली पहिली तीन अक्षरे (ISI) कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटची आद्याक्षरे आहेत. मणके, कंबरेची हाडे, खांदा आणि पुढचा पाय यांवरून त्याची ठेवण बरीच कळते : पुढचे पाय लांब, मान मात्र त्याच्या भाऊबंदांच्या मानाने आखूड, त्यामुळे पाठीचा उतार शेपटीकडे जातो. कवटी आणि मागचे पाय मात्र सापडलेले नाहीत. म्हणून मी सर्वांत खालच्या लेअरवर सापडलेली हाडे काळ्या रेषेत काढतो, त्यावरच्या लेअरवर उसनी हाडे लाल रेषेत, मग स्नायू आणि शेवटी कातडी. डोके मी मादागास्करच्या रापेटोसॉरसवरून घेतले, कारण टायटॅनोसॉर या इसिसॉरसच्या गटातल्या डायनोसॉरांपैकी ज्यांच्या कवटीचे चांगले अवशेष मिळाले त्यांत तो आहे. कातडीचा लेअर बंद केला की चित्रातला ज्ञात भाग किती आणि आपला अंदाज किती, हे लाल रेषा लगेच सांगतात. कागदावर ट्रेसिंगचे थर लावून हेच करता येते, पण त्यांची उस्तवारी करता करता जीव मेटाकुटीला येतो.

दुरुस्तीच्या वेळी लेअरचे मोल आणखी कळते. मोरोक्कोतल्या स्पायनोसॉरस या डायनोसॉरची शेपटी वल्ह्यासारखी उंच आणि चपटी होती, हे 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. जुने पेन्सिलचित्र स्कॅन करून मी फक्त शेपटीचे लेअर नव्याने काढले. बाकीच्या शरीराला हात लावावा लागला नाही.

पेनबद्दल माझे मत संमिश्र आहे. जाहिरातीत दाबाच्या 8192 पातळ्या मोठ्या अक्षरांत लिहिलेल्या असतात, पण खवले काढताना त्या आकड्यापेक्षा पेन किती हलक्या स्पर्शाला उमटू लागतो हे महत्त्वाचे ठरते. गुजरातमधल्या सनाजेह सापाचे चित्र करताना हे विशेष जाणवले. सुमारे साडेतीन मीटर लांबीचा हा साप टायटॅनोसॉरच्या घरट्यात, अंड्याभोवती वेटोळे घातलेल्या अवस्थेत अश्मीभूत झाला आणि त्याच्याजवळ सुमारे अर्धा मीटर लांबीच्या पिल्लाची हाडेही मिळाली. त्याचा जबडा आजच्या अजगराइतका फाकत नसल्यामुळे अंडे गिळतानाचे नेहमीचे दृश्य टाळून मी त्याला पिल्लावर झेपावताना दाखवले. वेटोळ्याच्या आतल्या बाजूचे खवले अगदी फिकट रेषेत हवे होते आणि नेमक्या त्या रेषा पेन अधूनमधून गाळत असे. ड्रायव्हरमध्ये, म्हणजे उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, दाबाचा आलेख सुरुवातीला चढा केल्यावर (म्हणजे हलक्या दाबालाही रेष उमटेल असा) त्रास बराच कमी झाला, पण एचबी पेन्सिलीची सर त्याला अजूनही नाही. पडद्याच्या खरखरीत थरामुळे कागदासारखी पकड मिळते. तोच थर पेनची टोके झपाट्याने झिजवतो, तेव्हा जादा टोके सोबतच मागवावीत.

रंगांवर डोळे मिटून विश्वास ठेवू नये. बहुतेक डायनोसॉरांचा रंग आपल्याला माहीतच नाही, त्यामुळे थोडा फरक पडला तरी बिघडत नाही, असे कोणी म्हणेल. पण चीनमधल्या सायनोसॉरॉप्टेरिक्सच्या शेपटीवर तांबूस आणि फिकट पट्टे आळीपाळीने होते, हे पिसांतल्या रंगकणांवरून 2010 मध्ये दाखवले गेले आहे, आणि माझ्या पडद्यावर नीट दिसणारा तो तांबूस रंग छापून आला तो चिखलासारखा. कॅलिब्रेशन, म्हणजे पडद्याचे रंग मोजून जुळवणे, केल्यावर फरक पडला, तरीही छपाईआधी एक नमुना प्रत काढून पाहतोच.

माझी मोठी तक्रार केबलची आहे. तीन टोकांची ही केबल पडद्याला जिथे जोडली जाते तिथे काही महिन्यांतच सैल पडली आणि हात लागला की चित्र जाऊ लागले. वॉरंटीत ती बदलून मिळाली, पण त्यासाठी बराच पत्रव्यवहार करावा लागला. केवळ रेखांकन शिकायचे असेल तर बिनपडद्याचा स्वस्त टॅब्लेट पुरेसा आहे; सांगाड्यावरून प्राणी उभा करायचा असेल तर मात्र सोळा इंचांहून लहान पडदा घेऊ नये, कारण मान आणि शेपूट एकाच वेळी डोळ्यांसमोर नसली की प्रमाण हमखास बिघडते.