स्वस्त रेझोनेटर गिटार: एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यावर

पंचवीस हजारांच्या आतली रेझोनेटर गिटार, म्हणजे जिचा आवाज आतल्या धातूच्या पातळ शंकूतून (कोन) येतो अशी गिटार, घेणार असाल, तर एक गोष्ट आधीच सांगतो. खोक्यातून काढल्या काढल्या जो आवाज येतो, त्यावरून तिची पारख करू नका. या किमतीत कंपन्या दिसणाऱ्या गोष्टी बऱ्या देतात: बॉडीचं पॉलिश, क्रोमची कव्हर प्लेट, नेकवरचे ठिपके. पैसे वाचवले जातात ते प्लेटच्या खाली, जिथे खरा आवाज तयार होतो. आणि नेमका तोच भाग स्क्रू काढून उघडता येतो, सुधारता येतो, बदलता येतो. साध्या अकूस्टिक गिटारचं वरचं लाकूड हलकं निघालं तर हात टेकावे लागतात. इथे तसं नाही.

मी अमळनेरला राहतो. भजनी मंडळात आणि अहिराणी गाण्यांच्या आमच्या ग्रुपमध्ये स्लाईड वाजवतो, म्हणजे बोटात नळी घालून ती तारांवर सरकवत वाजवतो. आधी साध्या गिटारवर वाजवायचो, पण ढोलकी आणि टाळ सुरू झाले की गिटार ऐकूच यायची नाही. ही अडचण जुनीच आहे. अमेरिकेत १९२०च्या दशकात नाचाच्या ऑर्केस्ट्रात ट्रम्पेट-सॅक्सोफोनपुढे गिटार दबायची, आणि ॲम्प्लिफायर तेव्हा हाताशी नव्हता. जॉर्ज बीचम या वादकाला मोठ्या आवाजाची गिटार हवी होती. लॉस एंजेलिसमध्ये राहणाऱ्या, मूळच्या स्लोव्हाकियातल्या जॉन डोपिएरा यांनी तारांचं कंपन लाकडाऐवजी ॲल्युमिनियमच्या पातळ कोनवर नेलं. १९२७च्या सुमारास नॅशनल कंपनीची तीन कोनांची गिटार आली. पुढे डोपिएरा बंधूंनी डोब्रो ही वेगळी कंपनी काढली.

आज बाजारात एका कोनच्या गिटारी दोन प्रकारच्या मिळतात. एकीत कोनचं टोक वर असतं आणि त्यावर लाकडाची छोटी चकती बसते. तिला बिस्किट म्हणतात. दुसरीत कोन वाटीसारखा उलटा असतो आणि त्यावर धातूचा अनेक पायांचा स्पायडर. बिस्किटचा आवाज चटकन उठतो, खडा असतो आणि लवकर बसतो. स्पायडरचा जास्त रेंगाळतो, थोडा नाकातून येतो. मी बिस्किटवाली घेतली: प्लायवूडची बॉडी, गोल नेक, नेकच्या टोकाशी एक बारीक मॅग्नेटिक पिकअप (तारांचं कंपन ॲम्पकडे नेणारा), व्हॉल्यूम आणि टोनची बटणं. जळगावात साध्या गिटारी भरपूर मिळतात, पण ही कुठे बघायला मिळाली नाही, म्हणून ऑनलाइन मागवली. २३ हजारांना पडली.

आली तेव्हाचा आवाज पत्र्याच्या डब्यासारखा होता, आणि तिसरी तार मोकळी छेडली की कुठेतरी बारीक झणझण. अशा वेळी बरेच जण गिटार परत करतात. मी तारा उतरवून प्लेटचे स्क्रू काढले.

आत कोन ज्या लाकडी कड्यावर टेकतो, त्या कड्यावर सुकलेल्या गोंदाचे थेंब आणि पॉलिशचे ओघळ होते. हे नीट समजून घ्या, कारण निम्मी दुरुस्ती इथेच आहे. कोन कशानेही चिकटवलेला नसतो. तो फक्त तारांच्या दाबाने जागेवर बसलेला असतो. त्याची कड सगळीकडून सारखी टेकली नाही, तर उचललेल्या जागी पत्रा थरथरतो आणि तोच झणझणाट आपल्याला ऐकू येतो. मी धारदार पटाशीने थेंब खरवडले आणि सपाट लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून कडा घासला. मग काचेवर कोन उलटासुलटा ठेवून त्याची कड सरळ आहे ना, ते बघितलं. बिस्किटला कोनशी धरणारा स्क्रू बेताचाच कसायचा. जास्त आवळला तर कोनचं टोक ओढलं जातं आणि आवाज घुसमटतो.

टेलपीस (तारांची मागची टोकं धरणारा भाग) प्लेटच्या पत्र्यावर आपटत होता, त्याच्याखाली चपलेच्या दुकानातून आणलेला पातळ चामड्याचा तुकडा सारला. प्लेटच्या दोन स्क्रूंची भोकं सैल होती. आगपेटीची काडी फेव्हिकॉल लावून आत ठोकली, सुकू दिली, परत स्क्रू बसवले. एवढ्यावर झणझण गेली, आणि खर्च जवळजवळ काहीच नाही.

मग सॅडल. बिस्किटच्या खाचेत उभी बसणारी ही लाकडाची पट्टी, जिच्यावरून तारा जातात. कंपनीने मऊ, नखाने दबेल असं लाकूड दिलं होतं, आणि खाचा इतक्या खोल की तारा त्यात बुडालेल्या. धुळ्याला हार्मोनियम-तंबोरे दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांनी ही गिटार आयुष्यात पहिल्यांदा पाहिली. "हाई काय शे भाऊ?" म्हणत त्यांनी तार छेडली, कान लावला आणि लगेच सॅडलवर बोट ठेवलं. तंबोऱ्याची जवारी लावणाऱ्या माणसाला तार कुठे टेकते हे डोळ्यांनी बघावं लागत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तार रुंद पाठीवरून घसरत जाते, म्हणून तो भरलेला झंकार येतो. इथे उलटं हवं. तार सॅडलच्या पुढच्या कडेवरच, एकाच बिंदूवर सुटली पाहिजे आणि मागे टेलपीसकडे उतार असला पाहिजे. खाच सपाट किंवा उलट्या उताराची राहिली की स्लाईड सरकवताना सतारीसारखी झिळझिळ येते आणि सूर नेमका कुठे आहे ते कळत नाही.

काकांनी आधी त्यांच्याकडच्या शिसवीच्या तुकड्याची पट्टी करून दिली. आवाज गोल झाला, पण माझ्या कानाला जरा जडच वाटला. नंतर मेपलची पट्टी मागवून त्यांच्याकडूनच बसवून घेतली, ती आजही आहे. खाचा बारीक कानशीने इतक्याच केल्या की तारेची निम्मी जाडी आत आणि निम्मी वर. प्लेटवर जो हात टेकायचा पूल असतो, त्याला सॅडल किंवा तारा कुठेही लागू देऊ नका. जाड कागद मधून सहज सरकला पाहिजे. पट्टी आणि मजुरी मिळून खर्च हजाराच्या आत, आणि फरक एवढा पडला की घरात आतल्या खोलीत बसलेल्यांनाही तो ऐकू आला.

सगळ्यात मोठा खर्च कोनचा. स्वस्त गिटारीतला कोन साच्यात दाबलेला आणि जाड असतो. चांगला कोन लेथवर पातळ पत्रा फिरवून हाताने ओढलेला असतो. मी अमेरिकेतून मागवला. टपाल आणि कस्टम्स धरून साधारण ९ हजार गेले. मागवण्याआधी जुना कोन मोजा. बिस्किटवाल्यात साडेनऊ इंची लागतो, स्पायडरवाल्यात साडेदहा, आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. नवीन कोन तारांच्या ताणाखाली हळूहळू बसतो. पहिले काही दिवस तारा थोड्या खाली येतात, म्हणून ॲक्शन (तारांची फ्रेटपासूनची उंची) पक्की करायची घाई नको. तो बसल्यावर गिटारने जे रूप घेतलं, त्यासाठी मी ९ हजार पुन्हा देईन. खर्जाच्या तारेला छातीतला आवाज आला, आणि वरच्या तारेवर स्लाईड थांबवली की सूर लगेच मरत नाही, मींड पूर्ण होईपर्यंत टिकतो. पण क्रम हाच ठेवा: आधी कडा, मग सॅडल, मग कोन. कडा वाकडा असेल तर महागडा कोनही झणझणेल.

सोबत आलेल्या तारा दहा नंबरच्या, अगदी बारीक होत्या. या गिटारला कोन दाबून धरण्यासाठी ताण लागतो, बारा किंवा तेराचा सेट घ्या. त्यातही पिकअप मॅग्नेटिक असेल तर निकेलच्या घ्या. फॉस्फर ब्राँझचं वेटोळं चुंबकाला जाणवत नाही, फक्त आतली पोलादी तार जाणवते. त्यामुळे जाड तारा ॲम्पमधून पडेल येतात आणि वरच्या दोन साध्या तारा किंचाळतात. निकेल लावल्यावर हा तोल सुधारला. बाराव्या फ्रेटवर जाड तारेखाली सुमारे ३ मिलीमीटर ठेवले आहेत. एवढ्यात स्लाईड फ्रेटला आपटत नाही आणि बोटांनी कॉर्डही धरता येतात.

ट्यूनिंगबद्दल इंटरनेटवर सगळं ब्लूजच्या भाषेत सापडतं, म्हणून आपल्या भाषेत सांगतो. ओपन डी म्हणजे जाड तारेपासून सा प सा ग प सा. ओपन जी म्हणजे प सा प सा ग प. अभंगाला मला ओपन डी सोयीचं पडतं, कारण खालचा सा अंगठ्याने धरून ठेवता येतो आणि वरच्या सा-वर चाल फिरते. कोमल गंधाराची चाल असेल तर ग-ची एकच तार अर्धा सूर उतरवायची. आमच्या मंडळातले बुवा काळी एकमध्ये गातात, म्हणून सगळ्या तारा अर्धा सूर खाली लावतो. बाराचा सेट तेवढ्यानेही ढिला पडत नाही. काळी दोन हवी तर ओपन डीवरच पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा).

स्लाईड ऐकायला आपला कान नवखा नाही. ब्रिजभूषण काबरांनी गिटारवर रागदारी वाजवली. विश्वमोहन भट्टांच्या मोहनवीणेला १९९४ साली ग्रॅमी मिळालं. त्यांची वाद्यं रेझोनेटर नव्हेत, पण मींड तीच. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरच्या गाण्यांमागे मी ही वाजवली, तेव्हा बायकांनी एकदाही विचारलं नाही की हे कुठलं परकं वाद्य. चाल पुढे नेत राहिल्या.

स्लाईड मी विकत घेतली नाही. जळगावच्या एमआयडीसीत एका लेथवाल्याकडून पितळेच्या नळीतून करंगळीच्या मापाची करून घेतली, भिंत ३ मिलीमीटरची, तोंडाकडची कड गोल. वजनामुळे सूर भरीव येतो. काचेची जास्त गोड आहे, पण घामाने हातातून निसटते.

आता पिकअप, म्हणजे "इलेक्ट्रिक" भाग, आणि इथे कंपनीबद्दल माझी खरी तक्रार आहे. मॅग्नेटिक पिकअपला फक्त तारा ऐकू येतात, कोन नाही. म्हणजे ज्यासाठी ही गिटार घ्यायची, तोच आवाज स्पीकरमधून गायब, आणि उरते एक बरी इलेक्ट्रिक गिटार. म्हणून मी कोनच्या आतून, बिस्किटच्या स्क्रूशेजारी, एक लहान पिझो चकती (कंपनातून सिग्नल देणारी) चिकटवली आणि तिला वेगळा जॅक दिला. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात ही चकती चहा-नाश्त्याच्या पैशात मिळते. पण ती सरळ मिक्सरला जोडू नका. पिझोला पुढे किमान १ मेगाओहमचा इनपुट लागतो. मिक्सरचा लाइन इनपुट साधारण दहा-वीस किलोओहमचा असतो, तिथे खर्ज गळून जातो आणि नुसती टिकटिक ऐकू येते. मध्ये एक छोटा प्रीॲम्प किंवा ॲक्टिव्ह डीआय बॉक्स (गिटार आणि मिक्सर जुळवणारी डबी) हवाच. मांडवात दोन्ही पिकअप मिसळतो, मॅग्नेटिक जास्त आणि पिझो वरून चवीपुरता, कारण मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) जवळ असला की पिझो आधी शिट्टी मारतो. छोट्या खोलीत किंवा देवळात मात्र कुठलाही पिकअप नको. कव्हर प्लेटपासून वीतभर अंतरावर साधा डायनॅमिक माइक ठेवला की याहून चांगलं काही नाही.

घूं-घूं आवाजाचंही सांगतो, कारण आपल्याकडे तो हमखास येतो. लोडशेडिंगमध्ये इन्व्हर्टरवर वाजवलं की सिंगल कॉइल पिकअप गुरगुरतो. पिकअपच्या आणि बटणांच्या खोबणीला आतून तांब्याची चिकटपट्टी लावून ती अर्थला जोडली, टेलपीसलाही अर्थची वायर दिली. बराच कमी झाला, पूर्ण गेला नाही. मांडवातल्या बोर्डाला अर्थिंग नसेल तर गिटार जोडूच नका. पोलादी तारा आणि माइकची जाळी दोन्ही एका वेळी अंगाला लागतात.

खानदेशच्या हवेत ही गिटार कशी टिकते, हे मला विकत घेण्याआधी कोणी सांगितलं नव्हतं. मे महिन्यात पारा ४५ च्या घरात आणि हवा कोरडी ठाक. अशा हवेत अखंड लाकडाच्या गिटारीला तडे जाण्याची भीती असते. इथे बॉडी प्लायवूडची आणि आवाज धातूचा, त्यामुळे तिला काही झालं नाही. फिंगरबोर्ड मात्र सुकून आक्रसला आणि फ्रेटची टोकं बोटाला बोचू लागली. ती कानशीने बसवली आणि बोर्डाला तेलाचा हात दिला. कूलरच्या झोतासमोर गिटार ठेवू नका. दिवसभर ओल आणि रात्री कोरडं, यात नेक हलतो. पावसाळ्यात प्लेटच्या जाळीच्या भोकांभोवती गंजाचे ठिपके दिसू लागले, तेव्हापासून वाजवून झालं की सुती फडकं फिरवतो आणि केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवतो. खुंट्या अजून मूळच्याच आहेत, थोड्या जड फिरतात. नटच्या, म्हणजे हेडजवळच्या पट्टीच्या, खाचेत पेन्सिलचं शिसं घासलं तर तारा अडकत नाहीत.

घेताना एकच गोष्ट कसून बघा: नेक. हेडच्या बाजूने एक डोळा मिटून बघा, कड सरळ दिसली पाहिजे. थोडी पुढे वाकलेली असेल तर नेकच्या आतल्या ट्रस रॉडने (ताण कमी-जास्त करायची कांडी) सुधारते, पण पीळ असेल तर सोडून द्या. बॉडीला नेक ज्या उताराने बसवला आहे तो चुकला असेल, म्हणजे सॅडल आधीच बुटकी असूनही तारा बाराव्या फ्रेटवर उंच असतील, तर तेही सोडून द्या. ती दुरुस्ती गिटारच्या किमतीएवढी जाते आणि आपल्या भागात ती करणारा सापडणं अवघड. ऑनलाइन घेत असाल तर विकणाऱ्याकडून बाराव्या फ्रेटजवळ पट्टी धरून काढलेला फोटो मागवा आणि परत करायची मुदत किती आहे ते पैसे भरण्याआधी लेखी घ्या.