चिकन एन्चिलाडा: टॉर्टिया मक्याचा की मैद्याचा?

एन्चिलाडा म्हणजे टॉर्टियात (पातळ मेक्सिकन पोळीत) सारण गुंडाळून, वर सॉस आणि चीज घालून ओव्हनमध्ये भाजलेला पदार्थ. थंडीतल्या रात्रीच्या जेवणाला मक्याचाच टॉर्टिया सरस. त्याचा खमंग वास सॉसखालूनही येतो. मेहनत मात्र जास्त. थंड टॉर्टिया गुंडाळला की हमखास तडकतो, म्हणून आधी गरम तेलात प्रत्येक बाजूने 10 सेकंद सोडायचा. तो मऊ पडतो आणि तेलाच्या थरामुळे सॉस लगेच आत मुरत नाही. कुरकुरीत होऊ दिलात तर पुन्हा मोडलाच!

मैद्याचा न तळताही सहज वळतो, पण सॉस पिऊन लिबलिबीत होतो. त्याला सॉस बेताचा घाला, ओव्हनमधून काढताच वाढा.

सारण दोन्हींत कोरडंच हवं: 8 लहान टॉर्टियांना 400 ग्रॅम शिजवून पिंजलेलं चिकन पुरतं. 190 अंश सेल्सिअसला 20 मिनिटं, चीजला बुडबुडे येईपर्यंत.