सात महिन्यांनंतर: नवी सिस्टिम चांगली, पण फाइल कॉपी करताना जीव टांगणीला

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. माझा डेस्कटॉप २०१७ चा, सातव्या पिढीचा आय-फाइव्ह, सोळा जीबी रॅम. विंडोज ११ ला इंटेलची निदान आठवी पिढी लागते, म्हणजे तो रस्ता बंद. यंत्र मात्र ठणठणीत होतं आणि ते भंगारात घालायला माझं मन तयार नव्हतं. म्हणून दिवाळीच्या तोंडावर त्यावर लिनक्स घातलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम, उबुंटू २४.०४ या तिच्या लोकप्रिय प्रकाराच्या पायावर उभी असलेली. सुरुवातीचे काही महिने विंडोजही शेजारी ठेवलं होतं.

आज सात महिने झाले. रोजच्या कामात मी समाधानी आहे. संगणक पटकन सुरू होतो, मराठी इन्स्क्रिप्ट कीबोर्ड पहिल्याच दिवशी मिळाला, जुना प्रिंटर काही न करता चालला. तक्रार एकाच गोष्टीची, पण ती मोठी आहे: फाइली इकडून तिकडे नेणं.

ही तक्रार एवढी का लागली, ते आधी सांगतो. २०१३ पासून मी आमच्या घरातल्या आणि आजोळच्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करतोय. आजघडीला १,८४६ फाइली आहेत. त्यातल्या कितीतरी बाया आता नाहीत. सिनेमा गेला तर पुन्हा मिळतो, आत्याचा आवाज मिळत नाही.

पहिला फटका भाऊबीजेला बसला. आतेबहीण माहेरपणाला आली होती. तिची आई, म्हणजे माझी मोठी आत्या, २०२१ मध्ये गेली. तिच्या सगळ्या ओव्या बहिणीला हव्या होत्या. सुमारे दोन जीबीचं काम. पेन ड्राइव्ह लावला, कॉपी सुरू केली, आणि वीस-पंचवीस सेकंदांत पट्टी शेवटापर्यंत जाऊन खिडकी बंद झाली. नवी सिस्टिम किती वेगवान आहे, असं मी बहिणीला कौतुकाने म्हणालोही. एसटीची वेळ झाली होती. पेन ड्राइव्ह काढला आणि तिच्या पर्समध्ये ठेवला. रात्री तिचा फोन आला. थोड्या फाइली वाजत होत्या, बाकीच्यांची नुसती नावं दिसत होती, आत काही नाही. "दादा, आईचं नाव दिसतंय, पण आवाज येत नाही रे," असं ती म्हणाली तेव्हा मला काय बोलावं ते सुचेना.

पेन ड्राइव्ह खराब नव्हता. लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतं आणि मग सवडीने पेन ड्राइव्हवर लिहितं. किती मजकूर असा तात्पुरता धरून ठेवायचा याची मर्यादा मोकळ्या रॅमच्या टक्केवारीत ठरलेली असते: दहा टक्क्यांपासून मागच्या मागे लिहायला सुरुवात, वीस टक्के ही कमाल. सोळा जीबीच्या यंत्रात ही रक्कम सहज दोन जीबीच्या घरात जाते. माझा पेन ड्राइव्ह सेकंदाला जेमतेम सहा एमबी लिहितो. दोन जीबी लिहायला त्याला पावणेसहा मिनिटं हवीत. पट्टी मात्र रॅममध्ये किती गेलं तेवढंच दाखवते. म्हणजे खिडकी बंद झाली तेव्हा आत्याच्या बहुतेक ओव्या अजून माझ्याच संगणकाच्या रॅममध्ये होत्या.

पेन ड्राइव्ह काढण्याआधी 'इजेक्ट' करायला हवं होतं, हे मान्य. पण विंडोज १० च्या १८०९ या आवृत्तीपासून पेन ड्राइव्हला 'क्विक रिमूव्हल' (मजकूर लगेच लिहून टाकायचा) हे धोरण मुळातच लागू असतं, त्यामुळे कॉपी संपली की ड्राइव्ह काढायचा, ही सवय हाताला लागलेली असते. आणि सवयीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी, काम झालेलं नसताना झालं म्हणून सांगणं मला पटत नाही. पट्टी हळू चालली असती तर मी बहिणीला पुढच्या गाडीने पाठवलं असतं. हा प्रश्न नवाही नाही. २०१३ मध्येच कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, लिहिणाऱ्यांच्या चर्चेत तो आला होता आणि लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्सही त्या चर्चेत होते. रॅम थोडी असायची तेव्हा टक्केवारीचा हा हिशेब ठीक होता, आज एवढ्या रॅमला तो लागू होताना अडचण होते.

आता मी टक्केवारीऐवजी थेट आकडा घातला आहे: कमाल ४८ एमबी, आणि १६ एमबी झाले की लिहायला सुरुवात. 'डर्टी बाइट्स' आणि 'डर्टी बॅकग्राउंड बाइट्स' अशा नावाच्या दोन सेटिंग असतात, त्या बदलायच्या. पट्टी आता खरं बोलते. याचा तोटा असा की ही मर्यादा आतल्या डिस्कलाही लागू होते आणि तिथे मोठी कॉपी थोडी रेंगाळते. कर्नल ६.२ पासून एकेका ड्राइव्हपुरती मर्यादा घालायची सोय आली आहे, ती अजून मी बसवलेली नाही. शिवाय टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, 'सिंक' एवढी एकच आज्ञा देतो. ती परत आली की सगळं लिहून झालं.

दुसरा फटका याहून वाईट, कारण तो मला तीन महिने कळलाच नाही.

एक टीबीच्या जुन्या डिस्कवरून सगळा संग्रह मी नव्या डिस्कवर आणला. जुनी डिस्क एनटीएफएसची, म्हणजे विंडोजच्या मांडणीची, नवी ईएक्सटी-फोरची, म्हणजे लिनक्सच्या मांडणीची. कॉपी चालू असताना एका खराब झालेल्या व्हिडिओपाशी ती थांबली. फाइल वाचता येत नाही, वगळू का, असा प्रश्न आला. तो व्हिडिओ बिघडलेला आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून 'सगळे वगळा' दाबलं आणि जेवायला गेलो. परत आलो तर कॉपी पूर्ण. जानेवारीत आजोळच्या एका काकूची ओवी शोधायला गेलो तर फाइल नाही. मग तो बिघडलेला व्हिडिओ सोडून दोन्हीकडच्या फाइली मोजल्या. जुन्या डिस्कवर १,८४६, नव्या डिस्कवर १,८०९. सदतीस फाइली आल्याच नव्हत्या.

त्या सदतीस फाइलींची नावं एकाखाली एक लिहून काढली तेव्हा कारण कळलं. सगळी नावं लांब होती. मी नावातच सगळं लिहितो: तारीख, ओवीचा विषय, कोण गातंय, कुठे, कोणत्या वेळी. नमुन्यादाखल एक: '२०१४-११-०३ जात्यावरच्या ओव्या - माहेरच्या वाटेची ओवी - मोठी आत्या आणि धाकटी काकू - आजोळचं घर, सोपा, पहाटेची वेळ', आणि त्यापुढे टिंबासकट चार चिन्हांचं शेपूट. काना, मात्रा, अनुस्वार, पाय मोडायची खूण, जागा, सगळं वेगवेगळं धरलं तर ही ११५ चिन्हं होतात. एनटीएफएसमध्ये नावाला २५५ चिन्हांपर्यंत मुभा असते, त्यामुळे तिथे कधी अडचण आली नाही. ईएक्सटी-फोरची मर्यादाही २५५ च, पण ती बाइटची, म्हणजे साठवणीच्या मापाची. आणि युटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. 'जात्यावरच्या' हा शब्द बघा. डोळ्याला पाच अक्षरं, आत बारा चिन्हं, म्हणजे छत्तीस बाइट. हाच शब्द रोमन लिपीत बारा बाइटमध्ये मावतो. वरचं अख्खं नाव २८७ बाइटचं होतं. देवनागरी आकडेसुद्धा तीन-तीन बाइटचे!

म्हणजे इंग्रजीत नाव लिहिणाऱ्याला २५५ चिन्हं आणि मराठीत लिहिणाऱ्याला ८५. इंग्रजीत एवढं लांब नाव कोणी ठेवत नाही, म्हणून ही भिंत त्यांना दिसत नाही. आपण जोडाक्षरं आणि मात्रा घेऊन लिहितो, आपल्याला ती लवकर लागते. मी मुद्दाम मराठीत नावं ठेवतो. उद्या माझ्या मागे घरातलं कोणी हा संग्रह उघडेल तेव्हा त्याला रोमन लिपीतून 'धाकटी' की 'ढाकटी' असं ओळखत बसावं लागू नये, एवढीच इच्छा. त्या निवडीची किंमत या सिस्टिमवर अशी मोजावी लागेल, असं कधी वाटलं नव्हतं.

खरं तर फाइल मॅनेजरने नाव फार लांब आहे असा निरोप दिला असता. पण माझं पहिलं 'सगळे वगळा' पुढच्या प्रत्येक अडचणीला लागू झालं. बिघडलेला व्हिडिओ आणि लांब नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. निदान शेवटी 'एवढ्या फाइली वगळल्या, या त्या' अशी यादी तरी समोर यायला हवी होती.

जुन्या डिस्कवरच नावं आखडावीत म्हटलं तर ती डिस्क फक्त वाचता येत होती, बदल करू देत नव्हती. विंडोजचं 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की बंद करतानाही ते पूर्ण बंद होत नाही, डिस्क अर्धवट धरून ठेवतं, आणि लिनक्स खबरदारी म्हणून तिला हात लावत नाही. विंडोजमध्ये जाऊन ते बंद केलं, पुन्हा नीट शटडाउन केलं, मग जमलं. विंडोज आधीच पुसलं असतं तर आणखी खटपट झाली असती, म्हणून डेटा पूर्ण मोजून होईपर्यंत जुनी सिस्टिम ठेवा.

किरकोळ दोन गोष्टी. फॅट-३२ या जुन्या मांडणीच्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल जात नाही. हे विंडोजमध्येही तसंच. एक्सफॅट या नव्या मांडणीचा करून घ्या, कर्नल ५.४ पासून लिनक्सला ते अंगचंच येतं. दुसरं, नव्या सिस्टिममध्ये नावात 'पहाटे ५:३०' असं लिहिता येतं, पण त्यातला विसर्ग-चिन्हासारखा कोलन एक्सफॅट पेन ड्राइव्ह घेत नाही आणि विंडोजही घेत नाही. आता मी 'साडेपाच' लिहितो.

सध्या मोठी कॉपी मी फाइल मॅनेजरने करत नाही, 'आरसिंक' या कॉपी करायच्या प्रोग्रामने करतो. काय राहिलं ते तो शेवटी स्पष्ट सांगतो, आणि मध्येच थांबला तर पुन्हा चालवल्यावर उरलेलंच नेतो. आज्ञा लिहायला शिकावी लागते, पण एक संध्याकाळ पुरली. त्यानंतरही दोन्हीकडच्या फाइलींची संख्या मोजून वहीत लिहितो.

सदतीसपैकी तेवीस नावं आखडून झाली आहेत. पूर्ण तपशील वेगळ्या तक्त्यात, फाइलीच्या नावात तारीख, गाणारीचं नाव आणि ओवीचा विषय एवढंच. चौदा उरली आहेत, कारण त्यांत दोघी-तिघी मिळून गातात आणि कुणाचं नाव गाळावं ते ठरत नाही. बहिणीला दुसरा पेन ड्राइव्ह संक्रांतीला स्वतः नेऊन दिला. तिच्याच लॅपटॉपवर शेवटची फाइल लावली, पूर्ण ऐकली, आणि मगच उठलो.