टाँग टेस्टर: दोन महिन्यांच्या वापरानंतर

सांगलीत गणपती पेठेतील एका दुकानातून मी टाँग टेस्टर (तार न कापता तिच्याभोवती जबडा अडकवून प्रवाह मोजणारा मीटर) घेतला, तो मुख्यतः पाणी तापवायच्या रॉडविषयीची शंका फेडण्यासाठी. रॉडवर २३० व्होल्ट, १५०० वॅट असे छापलेले असूनही बादली तापायला फार वेळ लागत होता.

सकाळी सातला, रॉड चालू असताना, मीटरने प्लगवर २१२ व्होल्ट दाखवले आणि एका तारेभोवती जबडा अडकवल्यावर प्रवाह ६.० अँपिअर भरला. विद्युतदाबाला (म्हणजे व्होल्टला) प्रवाहाने भागले की रोध सुमारे ३५.३ ओहम येतो आणि दोहोंचा गुणाकार केला की शक्ती १२७२ वॅट. छापील आकड्यांवरूनही रोध तेवढाच निघतो. म्हणजे रॉड प्रामाणिक होता, कमी होता तो दाब. दाब जेमतेम आठ टक्के घटला, तरी शक्ती पंधरा टक्क्यांनी उतरली, कारण रोध कायम असता शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते.

जबडा फेज आणि न्यूट्रल या दोन्ही तारांभोवती अडकवला तर दोन्हींतले उलट दिशांचे प्रवाह एकमेकांना खोडतात आणि मीटर शून्यच दाखवतो (पहिल्या दिवशी मी मीटरलाच दोष दिला होता). पंख्यासारख्या मोटारीच्या उपकरणांत मात्र नुसत्या गुणाकाराने खरे वॅट मिळत नाहीत. तेथे पॉवर फॅक्टरही (त्या गुणाकारातला किती हिस्सा खरे वॅट, ते प्रमाण) लागतो, आणि तो हा मीटर दाखवत नाही.

वायरी आखूड आहेत, माहितीपत्रकात मराठीचा पत्ता नाही. तरीही घरगुती वापरासाठी मी हा मीटर पुन्हा घेईन.