‘पंप गेला’ म्हणाले तर आधी गेज लावायला सांगा

मुंबईच्या किनाऱ्यावर वेसावे, मढ, भाटी, मनोरी, कुलाबा, कुठेही ज्यांची बोट आहे त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमच्या बोटीचं मशीन, म्हणजे इंजिन, लोडवर (ओझं आलं की) दम सोडत होतं. त्यावर इलाज म्हणून एका मेकॅनिकने आमच्याकडून ६४ हजार रुपये घेतले. मशीनचा डिझेल पंप उघडून सहाही एलिमेंट (पंपाच्या आत डिझेल दाबणारे दांडे) नवीन टाकले असं त्याने बिलावर लिहून दिलं. प्रत्यक्षात पंप त्याने उघडलाच नव्हता आणि पंपात बिघाडही नव्हता.

बोट वडिलांच्या नावावर आहे, समुद्रावर भाऊ जातो. मासळीची विक्री, डिझेल, बर्फ, खलाशांचे पैसे हा सगळा हिशोब मी बघते. म्हणून या प्रकरणातला प्रत्येक कागद माझ्या हातून गेलेला आहे.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात बोट शाकारलेली होती. ऑगस्टमध्ये उतरवली तेव्हा मशीन एका सेल्फमध्ये सुरू झालं. धक्क्याला उभी असताना कितीही रेस द्या, आवाज ठणठणीत. खाडीबाहेर पडून खरा लोड आला की थोड्या वेळाने फेरे आपोआप उतरायचे, लिव्हर पुढे ढकलला तरी उचल नाही. भाऊ खाली जाऊन टाकीतून डिझेल ओढणाऱ्या फीड पंपाचा हँड पंप मारायचा, मशीन पुन्हा उचलायचं, परत काही वेळाने तेच. वेसाव्याच्या खाडीचं तोंड गाळाने किती भरलंय हे इथल्या माणसाला सांगायला नको. ओहोटी लागलेली असताना तिथे मशीन बसलं तर बोट आणि माणसं दोन्ही धोक्यात. एकदा शेजारच्या बोटीने दोर टाकून आम्हाला आत आणलं, आणि त्याच संध्याकाळी मेकॅनिकला बोलावलं.

त्याने जे करून दाखवलं ते नीट वाचा, कारण पुढची सगळी लबाडी त्याच्यावर उभी होती. त्याने एका नोझलच्या (मशीनच्या आत डिझेल फवारतं ते) पाइपाचा नट ढिला केला आणि सेल्फ मारायला सांगितला. नटाखालून डिझेल फसफसत, फेसासारखं थेंब थेंब आलं. “बघ दादा, प्रेशरच नाय. पंप गेला,” असं तो भावाला म्हणाला. समोर दिसतच होतं, नाही कसं म्हणणार?

पण डिझेल मशीनमध्ये प्रेशर दोन ठिकाणी असतं. टाकीतून डिझेल ओढून फिल्टरमधून मोठ्या पंपापर्यंत, म्हणजे मेकॅनिकने ‘गेला’ म्हटलेल्या डिझेल पंपापर्यंत, ढकलतो तो फीड पंप. तिथलं प्रेशर अगदी कमी, आमच्यासारख्या जुन्या पद्धतीच्या लाइन पंपावर साधारण एक ते दीड बार. तिथून पुढे मोठा पंप तेच डिझेल दाबून नोझलला देतो आणि नोझल उघडतं ते २०० बारच्या आसपास. नेमके आकडे प्रत्येक मशीनच्या पुस्तकात दिलेले असतात. आता मागून डिझेलच पुरेसं आलं नाही, किंवा डिझेलबरोबर हवा आली, तर मोठा पंप कितीही चांगला असला तरी पुढे फेसच निघणार, कारण हवा दाबली जाते आणि नोझल उघडत नाही. म्हणजे त्या नटाखालचा फेस पंप गेल्याची खूण नव्हतीच. लाइनमध्ये हवा शिरतेय याची ती खूण होती. हे त्या मेकॅनिकला ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही, वर्षानुवर्षं तो हेच काम करतो.

(हा नट ढिला करायचा प्रयोग स्वतः करू नका, आणि मशीन चालू असताना तिथे हाताचं बोट तर अजिबात नेऊ नका. त्या दाबाची डिझेलची धार कातडीच्या आत घुसते. अशा जखमेला ताबडतोब हॉस्पिटल लागतं, बाहेरून ती कितीही लहान दिसली तरी.)

पंप काढून नेताना मी त्याच्या नंबरपट्टीचे आणि चारही बाजूंचे फोटो काढून ठेवले. बाजूच्या झाकणाच्या स्क्रूमध्ये तार ओवून आधीच्या कॅलिब्रेशनवाल्याने (पंपातून पडणाऱ्या डिझेलचं माप लावून देणाऱ्याने) शिशाचं सील मारलेलं होतं, तेही फोटोत आलं. बिल पक्कं हवं असं आधीच सांगितलं. जीएसटी वेगळा लागेल म्हणाला, लागू दे म्हटलं. काढलेले जुने पार्टही परत मागितले.

पंप परत आला तो निळ्या रंगाने चकचकीत रंगवून. सोबत प्लॅस्टिकच्या पिशवीत जुने सहा एलिमेंट. कॅलिब्रेशनचा कागद मागितला तर “मशीनवर लावून बघितलाय ताई, कागद कशाला?” असं उत्तर. भाऊ बोट घेऊन निघाला आणि खाडीबाहेर तेच घडलं. मग मेकॅनिक म्हणाला नोझल खराब आहेत. नोझलचे पैसेही ६४ हजारांतच धरलेत. त्यानंतरही फरक पडला नाही तेव्हा म्हणाला, आता पूर्ण मशीन उतरवावं लागेल, कॉम्प्रेशन गेलंय. सीझन ऐन भरात, आजूबाजूच्या बोटी भरून येतायत आणि आपली दोराला बांधलेली. अशा वेळी माणूस पैसे काढून देतो, हे या लोकांनी बरोबर हेरलेलं असतं.

आमच्या गल्लीत एक काका आहेत. बेस्टच्या डेपोत त्यांनी डिझेल मशीनवर आयुष्य काढलं. ते आले, आणि पाना हातात घेण्याआधी भावाला विचारत बसले: लोडवरच होतं का? हँड पंप मारल्यावर सुधारतं का? टाकीचं झाकण उघडं ठेवून चालवून बघितलंस का? हा तिसरा प्रश्न आम्हाला कोणीच विचारला नव्हता. टाकीच्या हवेची नळी मिठाने किंवा मातीने बंद झाली तर डिझेल ओढलं जाईल तशी टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला ओढता येत नाही. झाकण उघडल्यावर मशीन सुधारलं तर दोष तिथेच. आमच्याकडे तो नव्हता.

मग त्यांनी फिल्टर आणि मोठा पंप यांच्या मधल्या बँजो बोल्टवर (ज्याच्या पोकळीतून डिझेल जातं तो बोल्ट) गेज बसवलं. मुंबईत नागदेवीच्या बाजारात असं साधं प्रेशर गेज कुठल्याही दुकानात मिळतं. धक्क्याला काटा ठीक होता. बोट दोरांनी घट्ट बांधून गिअर टाकला, लोड दिला, तसा काटा हळूहळू खाली येत शून्याला टेकला आणि त्याच क्षणी आवाज बसला. काका म्हणाले, “पंपाला खायलाच मिळत नाय, तो काय करील?”

पुढचं काम सोपं होतं. टाकीकडची नळी सोडून फीड पंपाला स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून वेगळी नळी दिली. मध्ये पारदर्शक पाइपाचा तुकडा टाकला, आत बुडबुडे आले तर दिसावेत म्हणून. मशीन लोडवर चालतच राहिलं, काटा हलला नाही, पाइपात एक बुडबुडा नाही. म्हणजे फीड पंप, फिल्टर, ओव्हरफ्लो व्हॉल्व्ह, मोठा पंप, नोझल, सगळं ठीक. दोष टाकी आणि फीड पंपाच्या मध्ये.

सापडला तो टाकीजवळच्या रबरी नळीत. बाहेरून ती धड दिसत होती. कापल्यावर कळलं की आतला थर सुटून आला होता. ओढ वाढली की तो आत चिकटायचा, शहाळ्यातली स्ट्रॉ दाबली गेल्यासारखा, आणि ओढ थांबली की परत मोकळा व्हायचा. क्लिपखाली नळीला चीरही गेली होती, तिथून हवा शिरत होती. टाकी पंपापेक्षा खाली असल्यामुळे बाहेर डिझेलचा थेंबही गळत नव्हता. डिझेलला चालणारी नवी नळी, दोन क्लिपा, तांब्याचे नवे वायसर. सगळं मिळून हजाराच्या आत.

बोट चालू झाली, पण मला ६४ हजारांचा हिशोब लावायचा होता. मशीन ठीक असतानाही एक फेरी थांबवून आम्ही पंप उतरवला आणि दुसऱ्या एका कॅलिब्रेशनवाल्याकडे नेला. मच्छीमार संस्थेतले दोघे जण सोबत होते आणि सगळ्याचा व्हिडिओ काढला. निळा रंग खरवडला तर खाली तेच शिशाचं सील, त्यावरची अक्षरंही माझ्या जुन्या फोटोतलीच. सील न तोडता पंप आधी टेस्ट बेंचवर, म्हणजे पंप फिरवून डिझेल मोजायच्या यंत्रावर, लावला. ठरलेल्या फेऱ्यांवर सहाही लाइनमधून पडणारं डिझेल मापात आणि जवळजवळ सारखं. मग झाकण उघडलं. आत पहिल्यापासूनचेच एलिमेंट. आम्हाला ‘जुने’ म्हणून पिशवीत दिलेले सहा एलिमेंट या दुसऱ्या कॅलिब्रेशनवाल्याने मापून बघितले, तर जाडीच वेगळी. ते आमच्या पंपात कधी बसलेच नसते.

म्हणून माझं सांगणं एवढंच आहे की जुने पार्ट मागून भागत नाही. ते तुमच्याच पंपातले आहेत का हे त्यांच्यावर कोरलेल्या नंबरावरून जुळवा. पंप देण्याआधी सीलचा फोटो घ्या. परत घेताना बेंचचा कागद घ्या, सहाही लाइनची मापं लिहिलेला. तो कागद द्यायला जो कां-कूं करतो त्याने पंप बेंचवर लावलेला नाही असं खुशाल समजा. आणि या सगळ्याच्या आधी, कोणी पंपाला पाना लावायच्या आधी, लोडवरचं गेज स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

मेकॅनिकला रजिस्टर पोस्टाने नोटीस पाठवली. त्याने नोझलचे पैसे परत केले, पंपाचे नाही. दुसऱ्याने सील तोडलं, आता माझी जबाबदारी नाही, हे त्याचं म्हणणं. सील तुटण्याआधीचा व्हिडिओ आणि बेंचचा कागद आमच्याकडे आहे, म्हणून जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे. काही जणांनी सांगितलं की धंद्याच्या बोटीला ग्राहक कायदा लागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये व्यापारी कामासाठी घेतलेली वस्तू किंवा सेवा वगळली आहे हे खरं, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी विकत घेऊन वापरलेली वस्तू त्या वगळण्यात येत नाही, आणि आमच्या बिलावर तर सहा नवीन एलिमेंट लिहिलेत. भाऊ स्वतः बोटीवर जातो, घर त्यावर चालतं. तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला आयोगात फी पडत नाही. आधी विचारायचं असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. पक्कं बिल मात्र लागेल, कच्च्या चिठ्ठीवर सिद्ध करणं फार अवघड जातं.

तक्रार चालू असल्यामुळे त्या माणसाचं नाव इथे लिहीत नाही. पण पिशवीतले ते सहा एलिमेंट कोणाच्या तरी पंपातून निघालेले आहेत. या सीझनला ज्यांनी पंप दुरुस्तीला दिला आणि जुने पार्ट परत मिळाले नाहीत, किंवा मिळाले ते आपले वाटत नाहीत, त्यांनी आपल्या मच्छीमार संस्थेत तसं कळवावं. एलिमेंटवरचे नंबर मी संस्थेकडे लिहून दिले आहेत. जुळले तर आमच्या तक्रारीला दुसरा साक्षीदार मिळेल आणि तुमच्या तक्रारीला पहिला पुरावा.