टॅक्टिक्स बोर्ड चांगला आहे, पण नेव्हिल डिसोझाला चुंबक उरला नाही

तालमीतल्या चौदा वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवायला घडीचा टॅक्टिक्स बोर्ड घेतला, म्हणजे चुंबकांचे खेळाडू सरकवून डाव दाखवायचा बोर्ड. ऑनलाइन ७९० रुपये पडले. वहीसारखा उघडतो. आत हिरवं मैदान, ११ लाल आणि ११ निळे चुंबक, चेंडूसाठी एक पिवळा, सोबत मार्कर. दोन महिने रोज वापरतोय.

पहिल्याच रविवारी पोरांना म्हटलं, भारताचा आजवरचा सगळ्यात भारी संघ लावा. सुनील छेत्रीचं नाव सगळ्यांनी एका आवाजात घेतलं, पुढचे दहा मला सांगावे लागले. चुंबकांवर नुसते आकडे आहेत, म्हणून कागदी चिकटपट्टीवर नावं लिहून लावली. भारताचे जुने प्रशिक्षक रहीमसाहेब, त्यांच्या जमान्यातली ४-२-४ मांडली. गोलात थंगराज. मागे चंद्रशेखर, जर्नैल सिंग, अरुण घोष आणि डावीकडे शैलेन मन्ना. मध्ये केंपय्या आणि युसूफ खान. पुढे उजव्या विंगेला पी. के. बॅनर्जी, आत छेत्री आणि चुनी गोस्वामी, डावीकडे बलराम.

नावं वाचताना हा संघ हरेल असं वाटतच नाही. तेवढ्यात एका पोरानं तीन निळे चुंबक मध्यात सरकवले आणि विचारलं, "सर, ह्या तिसऱ्याला कोण धरणार?" केंपय्या एकाकडे गेला, युसूफ दुसऱ्याकडे, तिसरा मोकळा सुटून थेट जर्नैलच्या अंगावर. मग बलरामला चार बोटं आत ओढला. तो विंगेवर खेळायचा तसाच आतही खेळायचा, त्याला ते जड नव्हतं. पण डावी बाजू ओस पडली. तिथं मन्नाला वर पाठवायचं माझ्या मनाला पटेना. मागं तोच असलेला बरा. शेवटी चुनीला डावीकडे सरकवलं आणि ४-३-३ झाली. हे फळ्यावर खडूनं पोरांना पटलं नसतं. चुंबक हातानं ओढला की मागं पडलेली मोकळी जागा डोळ्यांना दिसते.

मग जर्नैलची गोष्ट सांगितली. १९६२, जाकार्ता, एशियाड. डोक्याला टाके पडलेले, आणि हा तर हेडर मारायचा बचावपटू. रहीमसाहेबांनी त्याला सेंटर फॉरवर्डला उभा केला. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामविरुद्ध त्यानं गोल केला, अंतिम सामन्यातही केला. एक पी. के.चा, एक जर्नैलचा, दक्षिण कोरियावर २-१, सुवर्णपदक. त्याचा चुंबक मागून उचलून पुढं टक् करून ठेवला, तेव्हा पोरं गप्प झाली होती.

आता उणिवा. घडी बरोबर मध्यरेषेवर येते, त्यामुळे मधल्या वर्तुळात चुंबक नीट बसत नाही. युसूफ खान तिथं सारखा डुलतो. बोर्ड आडवा असेल तर ठीक, जाळीला उभा टेकवला की वरचे चुंबक घसरतात. मार्कर बेकार आहे. बाण रात्रभर तसेच राहिले तर सकाळी फडक्यानं निघत नाहीत, सॅनिटायझर लावून घासावं लागतं. मार्कर वेगळा घ्या. आणि पंधराच्या वर पोरं असली तर मागच्यांना काही दिसत नाही.

सगळ्यात खटकलं ते म्हणजे राखीव चुंबक एकही नाही. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध नेव्हिल डिसोझानं हॅटट्रिक केली, भारत ४-२ नं जिंकून उपांत्य फेरीत गेला. त्याला बाकावर बसवायला माझ्याकडे चुंबक नव्हता. भायचुंग भुतिया आणि आय. एम. विजयनलाही नव्हता. घरच्या फ्रिजवरचे तीन काढून आणले, ते जाड आहेत आणि बोर्ड मिटत नाही. बनवणाऱ्यानं प्रत्येक रंगाचे पाच जास्त दिले तर मी पन्नास रुपये आनंदानं वर देईन.