पीआरएसचं ‘एमपी ट्रॅक’: हजेरी दिसते, मत मात्र शोधावं लागतं

खासदाराचं काम तपासायचं म्हटलं की बहुतेक जण पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या दिल्लीतल्या संस्थेच्या ‘एमपी ट्रॅक’ या पानावर येतात. सेवा फुकट आहे. राज्य, पक्ष किंवा मतदारसंघ निवडला की खासदाराचं पान उघडतं. त्यावर चार आकडे असतात: हजेरी, चर्चेतला सहभाग, विचारलेले प्रश्न आणि मांडलेली खासगी विधेयकं (मंत्री नसलेल्या खासदाराने स्वतः मांडलेली). शेजारी देशाची आणि राज्याची सरासरी दिलेली असते. महाराष्ट्राचे खासदार प्रश्न विचारण्यात एकूणच पुढे असतात, त्यामुळे आपल्या खासदाराची तुलना राज्याच्या सरासरीशी करा. देशाच्या सरासरीशी ताडलं तर साधारण काम करणाराही मोठा वाटतो.

हजेरीचा आकडा म्हणजे खासदाराने स्वतः केलेली हजेरीची नोंद. नोंद करून दहा मिनिटांत निघून गेला तरी दिवस भरतो. मंत्री, लोकसभा अध्यक्ष आणि विरोधी पक्षनेते यांना ही नोंद करावी लागत नाही. म्हणून नितीन गडकरींसारख्या मंत्र्याच्या पानावर हजेरी आणि प्रश्नांचे रकाने रिकामे दिसतात. तिथे ‘शून्य काम’ असं वाचू नये. मंत्री उत्तरं देतो, प्रश्न विचारत नाही. पोटनिवडणुकीत आलेल्या खासदाराच्या बाबतीत आधी मुदत सुरू झाल्याची तारीख बघा, मग प्रश्नांची संख्या.

प्रश्नांचा आकडा सगळ्यात जास्त मिरवला जातो आणि सगळ्यात जास्त फसवतो. लोकसभेत एका दिवसासाठी 20 तारांकित (तोंडी उत्तराचे) आणि 230 अतारांकित (लेखी उत्तराचे) प्रश्न यादीत घेतले जातात. नोटीस किमान 15 दिवस आधी द्यावी लागते आणि क्रम सोडतीने ठरतो. एका सदस्याचे दिवसाला जास्तीत जास्त पाच प्रश्न लागतात, त्यातला तारांकित एकच. त्यातही एकाच विषयावरचे प्रश्न एकत्र केले जातात, एका उत्तरावर कित्येक नावं येतात आणि प्रत्येकाच्या खात्यात एकेक प्रश्न जमा होतो. म्हणून संख्या सोडून यादी उघडावी. कोणत्या मंत्रालयाला विचारलं, पीकविमा, कांदा निर्यात किंवा मतदारसंघातला रेल्वेमार्ग यांबद्दल पुन्हा पाठपुरावा केला का, हे शीर्षकांवरूनच कळतं. ही यादी हेच या सेवेचं खरं बळ आहे.

चर्चांच्या यादीलाही हेच लागू. शून्य प्रहरातलं, म्हणजे तातडीचे विषय मांडायच्या वेळेतलं, दोन मिनिटांचं निवेदन आणि विधेयकावरचं सविस्तर भाषण, दोन्ही एकेकच धरली जातात. विषयासमोर प्रकार लिहिलेला असतो, तो वाचावा.

आता मुख्य उणीव. कोणत्या विधेयकाला खासदाराने होकार दिला आणि कोणत्याला नकार, हा रकाना या पानावर नाही. ब्रिटनमध्ये ‘दे वर्क फॉर यू’ हे संकेतस्थळ खासदाराची मतं विषयवार लावून दाखवतं, कारण तिथे नावानिशी मतदान वारंवार होतं. आपल्याकडे बहुतेक विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर होतात. ‘होय’ म्हणणारे होय म्हणतात, पीठासीन अधिकारी बहुमत जाहीर करतात, आणि कोणी काय म्हटलं याची नोंदच होत नाही. सप्टेंबर 2020 मध्ये राज्यसभेत कृषी विधेयकं अशीच मंजूर झाली. विरोधक मतविभाजन, म्हणजे नावानिशी मोजणी, मागत होते, ते झालं नाही. ऑगस्ट 2023 चा अविश्वास प्रस्तावही आवाजी मतदानानेच फेटाळला गेला. लोकसभेच्या नियम 367 मध्ये आणखी एक वाट आहे: मतविभाजनाची मागणी अनावश्यक वाटली तर अध्यक्ष सदस्यांना जागेवर उभं राहायला सांगून मोजणी करू शकतात, आणि तेव्हाही नावं नोंदवली जात नाहीत. ही उणीव सभागृहाच्या कारभारातली आहे. पण पीआरएसनेही, जिथे मतविभाजन झालं तिथल्या याद्या खासदाराच्या पानाला जोडायला हव्या होत्या. मतदाराला सगळ्यात आधी तेच हवं असतं.

तोवर हे काम हाताने करावं लागतं. सुरुवात घटनादुरुस्तीपासून करा. कलम 368 नुसार एकूण सदस्यसंख्येचं बहुमत आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांचं दोन तृतीयांश बहुमत लागतं, त्यामुळे तिथे मोजणी टळत नाही. संसदेच्या संकेतस्थळावर त्या दिवसाचं चर्चेचं इतिवृत्त उघडा. बैठक मध्यरात्रीनंतर चालली तरी इतिवृत्त आदल्या तारखेखालीच असतं. वक्फ दुरुस्ती विधेयकाचं लोकसभेतलं मतदान 3 एप्रिल 2025 च्या पहाटे झालं, ते 2 एप्रिलच्या बैठकीत सापडतं. घटनादुरुस्तीत प्रत्येक कलमावर वेगळं मतदान होऊ शकतं, म्हणून एका चर्चेत अनेक याद्या येतात. विधेयक मंजूर करण्याच्या प्रस्तावावरची शेवटची यादी धरा. इंग्रजी याद्यांत आडनाव आधी असतं, म्हणजे ‘सुळे, श्रीमती सुप्रिया सदानंद’ असं. शोधताना फक्त आडनाव टाका.

यादीखालची बारीक अक्षरातली टीप चुकवू नका. यंत्रावर बटण नीट न दाबलेले सदस्य चिठ्ठीवर मत देतात, आणि त्यांची नावं त्या टिपेत असतात. 17 डिसेंबर 2024 ला ‘एक देश, एक निवडणूक’ विधेयक मांडताना यंत्रावर 220 विरुद्ध 149 असा आकडा आला. चिठ्ठ्या धरून जाहीर झाला तो 269 विरुद्ध 198. नुसती यंत्राची यादी बघून ‘आमच्या खासदाराने मतच दिलं नाही’ असं ठरवलं तर सरळ चूक होईल.

महाराष्ट्रापुरती तीन मतदानं जरूर बघावीत. राज्यांना मागास प्रवर्ग ठरवण्याचा अधिकार परत देणारी 2021 ची घटनादुरुस्ती मराठा आरक्षणावरच्या निकालानंतर आली. लोकसभेत 385 विरुद्ध 0. महिला आरक्षणाची सप्टेंबर 2023 ची दुरुस्ती 454 विरुद्ध 2. विरोधात मत देणाऱ्या त्या दोघांतले एक औरंगाबादचे तेव्हाचे खासदार इम्तियाज जलील, दुसरे असदुद्दीन ओवेसी. आणि डिसेंबर 2019 चं नागरिकत्व दुरुस्ती विधेयक, लोकसभेत 311 विरुद्ध 80. शिवसेनेच्या खासदारांनी लोकसभेत बाजूने मत दिलं. राज्यसभेत मतदान न करता ते सभागृहाबाहेर गेले. अशा वेळी नाव कुठल्याच यादीत सापडत नाही. नाव नसलं की गैरहजेरी, सभात्याग की जाणूनबुजून तटस्थता, हे त्या दिवशीचं भाषण वाचूनच समजतं.

मत सापडलं तरी ते कोणाचं, हा प्रश्न उरतोच. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यानुसार, पक्षादेश (व्हिप) मोडून मत दिलं किंवा मतदान टाळलं, आणि पक्षाने 15 दिवसांत ते माफ केलं नाही, तर खासदारकी जाऊ शकते. म्हणजे मतांची यादी मुख्यतः पक्षाचा निर्णय सांगते. खासदाराचा स्वतःचा कल बघायला ‘एमपी ट्रॅक’वरचा खासगी विधेयकांचा रकाना जास्त उपयोगी आहे. आजवर अशी 14 विधेयकंच कायदा झाली, शेवटचं 1970 मध्ये. तरीही खासदार खासगी विधेयकांसाठी राखलेल्या शुक्रवारच्या वेळेसाठी कुठला विषय लिहून काढतो, त्यावरून त्याचा अभ्यास दिसतो.

आणखी एक व्यावहारिक अडचण म्हणजे प्रत्येक लोकसभेसाठी पान वेगळं आहे. तीन वेळा निवडून आलेल्या खासदाराची कारकीर्द बघायची तर तीन पानं उघडून आकडे स्वतः जोडावे लागतात. मध्ये राज्यसभा झाली असेल तर चौथं. लोकसभा किती दिवस भरली तेही सोबत लिहून घ्या. 17 व्या लोकसभेच्या पाच वर्षांत 274 बैठका झाल्या, 80 टक्के हजेरी म्हणजे त्यातले साधारण 219 दिवस.

हजेरी आणि प्रश्नांसाठी पाचपैकी चार गुण. मतदानासाठी एकही नाही.